मन्मथअप्पांचा भाव

मन्मथअप्पांना गाडी चालवता येत नव्हती. आयुष्यभर त्यांनी गाड्या विकल्या. लातूर जिल्ह्यातल्या कितीतरी घरांपुढं उभी राहिलेली पहिली गाडी त्यांच्या हातून गेली. पण स्टेअरिंगला त्यांनी कधी हात लावला नाही. घरून शोरूमला ते सायकलवर यायचे. सायकल मागं वर्कशॉपच्या भिंतीला टेकवायची, चपला काचेच्या दाराबाहेर काढायच्या आणि अनवाणी आत यायचं. चकचकीत फरशीवर त्यांची पावलं उमटत आणि पुसणारी बाई रोज कुरकुरत असे. कपाळाला विभूती, सदऱ्याच्या आत इष्टलिंग, खिशावर शाखा व्यवस्थापकाचा इंग्रजी बिल्ला, आणि पाय उघडे. कंपनीचे पुण्याचे साहेब एकदा त्या पायांकडं बघतच राहिले. अप्पा म्हणाले, "आमच्या उदगीरच्या आडतीत गादीवर कुनी चपला घालून चढत न्हाई, साहेब. सवय हाय."

मी त्या शोरूममध्ये विम्याची आणि आरटीओची कागदं बघायचे. रेणापूरहून रोज एसटीनं यायचे. माझं टेबल अप्पांच्या केबिनच्या काचेला लागून होतं, त्यामुळं त्यांचं बोलणं दिवसभर कानावर पडायचं. ते मला ताई म्हणत. माझ्याहून तिपटीनं मोठे होते, तरी ताईच.

गाडी दाखवायची त्यांची रीत निराळी होती. गिऱ्हाइकाला चक्कर मारायला न्यायचं तर सेल्समन गजानन शेजारी बसायचा आणि अप्पा मागच्या सीटवर. घरातल्या बाईमाणसाला, म्हाताऱ्याला ते आग्रहानं आपल्या शेजारी मागं बसवायचे. "चालवनाऱ्याला समदीच गाडी बरी वाटतीय," म्हणायचे. "मागं बसनाऱ्याला इचारा, कंबर काय म्हनती ती." एकटाच माणूस गाडी बघायला आला तर त्याला चहा पाजून परत पाठवायचे, घरच्यांना घेऊन या म्हणून. नवं मॉडेल दोन महिन्यांत यायचं असलं तर तेही सांगून टाकायचे. गजानन कपाळाला हात लावायचा.

भाजी मात्र त्यांना त्यांची बायको आणू देत नसे. कारण विकणारी सांगेल तो भाव देऊन अप्पा मोकळे व्हायचे. घासाघीस त्यांना जमतच नव्हती. दोन माणसं भावावरून बोलायला लागली की त्यांचा चेहरा दात दुखत असल्यासारखा व्हायचा. गाड्यांच्या धंद्यात असा माणूस कसा टिकला, याचं मला सुरुवातीला नवल वाटायचं. टिकला तो वसंतशेठमुळं.

वसंतशेठ नांदेडचे. लातूर जिल्हा झाला त्या वर्षी त्यांनी इथं स्कूटरची एजन्सी काढली. त्याआधी सगळा कारभार उस्मानाबादला. जिल्हा झाला तशी एकामागून एक खाती आली, कारकून आले, इंजिनियर आले, भाड्याला घरं मिळेनात. ज्याला त्याला स्कूटर पाहिजे होती. शेठनी उदगीरच्या आडतीतून मन्मथअप्पांना उचलून आणलं आणि नोंदणीच्या टेबलावर बसवलं. दोघंही तेव्हा तिशीच्या आतले. त्या काळी सूट हा शब्दच नव्हता. उलट गाडीच्या किमतीवर वरचे पैसे द्यावे लागत आणि नंबर लवकर लागावा म्हणून लोक एजंटांच्या दारात उभे राहत.

हे सगळं मी जुन्या मेकॅनिककडून ऐकलंय. एकदा एका खात्याच्या मोठ्या साहेबांनी मेव्हण्यासाठी स्कूटर मागितली, नंबर सोडून, आजच्या आज. अप्पांनी नोंदणीचा क्रम दाखवला. साहेब नांदेडला फोन लावून शेठशी बोलले. शेठ म्हणाले, "टेबलावर मन्मथअप्पा बसलेत ना? मग ते म्हणतील तसं." त्या खात्याला पुढं जीपगाड्या लागणार होत्या, त्याचं कंत्राट शेठना मिळायचं होतं, ते हातून गेलं. शेठनी ते अप्पांना कधी बोलूनसुद्धा दाखवलं नाही. पुढं स्कूटरच्या मोटारी झाल्या, एजन्सीचं काचेचं शोरूम झालं, आणि अप्पा शाखेचे मॅनेजर झाले. शेठ महिन्यातून एकदा यायचे, तेव्हा दोघं केबिनमध्ये बसून अप्पांच्या डब्यातली ज्वारीची भाकरी खायचे. शेठचा स्वतःचा डबा ड्रायव्हर खायचा.

मी लागले तोवर धंदा पालटला होता. गाड्या जास्त, गिऱ्हाईक कमी. कंपनी दर महिन्याला सूट जाहीर करायची, पण ती जाहीर आम्हाला, गिऱ्हाइकाला नाही. जो भांडेल त्याला पूर्ण सूट, जो थोडं बोलेल त्याला थोडी, आणि जो लाजेल त्याला नुसता पेढा. सूट वाचली की त्या पैशातून सेल्समनला वाटा मिळायचा. वर ज्याला सूट दिली त्याच्याकडून विम्यात, सीट कव्हरात ती परत काढायची. विम्याचा कागद माझ्याच टेबलावरून जायचा, म्हणून मला हे सगळं दिसायचं. अप्पांना ते आवडत नव्हतं, पण सगळीकडं तसंच चालायचं, आणि तेही चालू देत होते.

मग रेणापूरच्या दोन साडूंचं प्रकरण झालं. एक झेडपीच्या शाळेत मास्तर, दुसऱ्याचं खत-बियाणांचं दुकान. दोघांनी एकाच आठवड्यात एकच गाडी घेतली, रंगसुद्धा एकच. दुकानदार गजाननशी दिवसभर भांडला आणि भली मोठी सूट घेऊन गेला. मास्तरांनी काही विचारलंच नाही. सांगितली ती किंमत भरली, गाडीला हार घातला, बायकोपोरांना बसवून घरी गेले. पुढं एका बारशात दोघांच्या बायका, म्हणजे सख्ख्या बहिणी, बोलता बोलता किमतीवर आल्या. एक हसली. दुसरी जेवणाच्या पंगतीतून उठली. त्या दिवसापासून दोन्ही घरांचं येणंजाणं बंद.

मास्तर शोरूमला आले. आवाज चढवला नाही. अप्पांच्या समोर उभं राहून एवढंच म्हणाले, "मी भांडलो नाही म्हणून का?"

पुढच्या रविवारी अप्पा रेणापूरला माझ्या घरी आले आणि म्हणाले, "ताई, मास्तरांचं घर दाखवा." मी सोबत गेले. मास्तर घरी नव्हते. बाईंनी पाणी दिलं, पण बसा म्हणाल्या नाहीत. अप्पांनी उभ्या उभ्या सांगितलं की चूक दुकानाची झाली, फरक परत द्यायचं बघतो.

"फरक घेऊन काय करू?" बाई म्हणाल्या. "माझी बहीण हसली ते परत न्याल का?"

परतीच्या वाटेवर स्टँडपर्यंत अप्पा माझ्यासोबत चालले. एसटीची वाट बघताना आपण होऊन बोलायला लागले. त्यांचे वडील उदगीरजवळच्या हाळी गावच्या जनावरांच्या बाजारात दलाल होते. तिथं भाव तोंडानं होत नाही. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून होतो. बाकी कुणाला काही कळत नाही.

"आत्याची बैलजोडी होती. देवनी जातीची, बघत ऱ्हावी अशी," अप्पा म्हणाले. "तिचा नवरा वारल्यावर विकायला काढली. सख्ख्या भावाकडंच दिली. वडलांनी रुमालाखाली एक भाव केला आन् भैनीला दुसराच सांगितला. पुढं घेनाऱ्याच्याच तोंडून तिला कळलं. बोलली काय बी न्हाई. पन पंचमीला म्हायेरी यायची बंद झाली. वडील गेले तवा आली, मातीला. तवा बी घरात न्हाई आली."

एसटी आली. अप्पा खिडकीशी बसले आणि गाडी हलेपर्यंत पुढच्या सीटच्या पाठीकडं बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी काचेच्या दाराशी एक फळा लागला. प्रत्येक गाडीची रस्त्यावर येईपर्यंतची पूर्ण किंमत आणि खाली त्या महिन्याची सूट, सगळ्यांना एकच. खडूनं, अप्पांच्या गोल अक्षरात. ज्यांना भांडायचं होतं त्यांना ते केबिनमध्ये बसवून सांगायचे, "ह्याच्याखाली भाव न्हाई. तुम्हाला न्हाई, माझ्या जावयाला न्हाई." काही गिऱ्हाईक त्यामुळं हातचं गेलं. भांडून चार पैसे सुटल्याशिवाय ज्यांना घेतल्यासारखं वाटत नाही, ती माणसं सोलापूरला गेली.

गजानन चिडला, आणि त्याचं चिडणं खोटं नव्हतं. "अप्पा, वाटा गेला आमचा," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "तुमचं मन साफ व्हावं म्हणून आम्ही का कमी खावं?"

अप्पा म्हणाले, "तुझं बरोबर हाय." एवढंच. फळा काढला नाही. गजाननला या उत्तराचा जास्तच राग आला. अप्पांनी शेठकडं सेल्समनचा पगार वाढवून मागितला, शेठनी थोडा वाढवला. थोडाच. फळ्याबद्दल मात्र शेठ तेव्हाही काही म्हणाले नाहीत.

दुष्काळ आला तो या सगळ्यानंतर. दोन पावसाळे ओळीनं कोरडे गेले. शहरात नळाला पाणी येईना, गल्लोगल्ली घागरींच्या रांगा लागल्या. टँकर आला की शोरूमच्या मागच्या वस्तीतला आरडाओरडा आमच्या एसीतसुद्धा ऐकू यायचा. अप्पांनी नवी गाडी धुऊन द्यायची बंद केली, कोरड्या फडक्यानं पुसून द्यायची. बाजार समितीत आवक नाही, लोकांच्या हातात पैसा नाही, गाडी कोण घेणार? कंपनी मात्र ठरलेल्या गाड्या पाठवतच होती. शोरूममध्ये जागा उरली नाही तशा त्या औसा रोडच्या एका मोकळ्या प्लॉटवर उभ्या राहिल्या, धूळ खात. त्या दिवसांत उदगीर जिल्हा होणार अशी आवई दर चार महिन्यांनी उठायची. कुणी अप्पांना म्हणायचं, "जिल्हा झाला की उदगीरला शाखा काढा." अप्पा म्हणायचे, "आधी प्यायला पानी होऊ द्या."

फाल्गुनात एका दुपारी आभाळ काळं झालं. आम्हाला वाटलं, निदान चार थेंब तरी. आल्या त्या गारा. शोरूमच्या पत्र्यावर असा आवाज की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. थांबल्यावर अप्पा सायकल घेऊन थेट औसा रोडला गेले. मी गजाननच्या गाडीवर मागोमाग गेले. प्लॉटवरच्या एकाही गाडीचं टप शाबूत नव्हतं. देवीच्या व्रणांसारखे बारीक बारीक खड्डे, बॉनेटवर, टपावर, डिकीवर. काही काचा फुटल्या होत्या. कडेला गारांचा ढीग वितळत होता आणि वस्तीतल्या बाया तो घमेल्यात भरून नेत होत्या. अप्पा एका गाडीशी उभे राहिले आणि तिच्या टपावरून तळहात फिरवत राहिले.

शेठनी पुण्याहून कारागीर आणले. रंगाला न दुखवता आतून दाबून खड्डा वर काढणारे. त्यांनी काम चांगलं केलं, खोटं कशाला बोलू. डोळ्याला काही दिसत नव्हतं. जिथं रंग उडाला होता तिथं नवा मारला. मग शेठचा निरोप आला: पाडव्याला या सगळ्या गाड्या काढायच्या, पाडव्याची खास सूट म्हणून. सूट खरंच मोठी होती. गारांचा शब्द कुणी काढायचा नाही.

जाहिरात लागली आणि त्या दुष्काळातही लोक आले. वर्षानुवर्षं गाडीचं मनात धरून बसलेली माणसं होती ती. पाडव्याच्या मुहूर्तासाठी नोंदणी झाली. मग अप्पांनी एकेकाला फोन करायला सुरुवात केली. "या एकदा. दिवसाउजेडी या. घरच्यांना आना."

सगळ्यात आधी उदगीरचे शेख गुरुजी आले. उर्दू शाळेतून निवृत्त झालेले, सोबत त्यांच्या बेगम. अप्पांनी त्यांना गाडीपाशी नेलं आणि म्हणाले, "गुरुजी, टपावरून हात फिरवा. हळू. डोळे मिटा पाहिजे तर."

गुरुजींनी हात फिरवला. एका जागी तो थांबला.

"इथं कुछ हाय."

"हाव. गारांचा मार हाय. काढलाय, पन हाताला लागतोय. म्हनून सूट हाय एवढी. पाडव्याची न्हाई."

गुरुजींनी बोट त्याच जागी पुन्हा फिरवलं. बेगमनी विचारलं, "पानी गळेगा क्या अंदर?"

"न्हाई अम्मा. मशीन, चाकं, आतलं समदं कोरं हाय. पुढं विकायला गेलात तर घेनारा हात फिरवंल, भाव पाडंल, एवढंच."

"हमको कहाँ बेचना है," बेगम म्हणाल्या. त्यांनी ती गाडी घेतली.

सगळे तसे नव्हते. कुणी पैसे परत मागितले, कुणी आणखी सूट मागितली, कुणी फोनवरच शिव्या दिल्या. निम्म्यांना सांगून झालं असेल तोवर नांदेडला खबर गेली आणि पाडव्याच्या दोन दिवस आधी शेठ स्वतः आले. केबिनचं दार उघडंच राहिलं.

"काय चालवलंय हे, मन्मथअप्पा? गिऱ्हाइकाला बोलवून बोलवून डाग दाखवून राहिले म्हणं."

"बसा शेठ. पानी घ्या."

"पाणी नको. डोळ्याला दिसतंय का काही?"

"न्हाई."

"मग?"

"हाताला लागतंय."

शेठ खुर्चीत बसले. थकलेले दिसत होते. गेल्या वर्षभरात त्यांचे केस पार पांढरे झाले होते. आवाज उतरवून म्हणाले, "अप्पा, बँक दारात येऊन बसली माझ्या. या गाड्या निघाल्या न्हाईत तर शटर ओढावं लागंल. ही बाहेर बसलेली पोरं कुठं जातील? मी फसवून राहिलो का? एवढी सूट कोण देतंय? स्वस्त घेणाऱ्यानं कशाला विचारावं, का स्वस्त म्हणून?"

"त्यानं न्हाई इचारलं तरी आपन सांगावं, शेठ. गाड्या विकू. मी समद्या विकतो. पन सांगून."

"सांगितलं की कोण घेतंय?"

"शेख गुरुजींनी घेतली."

"एका गुरुजीवर दुकान चालतंय का?" शेठ एकदम ओरडले. मग स्वतःच्याच आवाजानं दचकले. टेबलावरची किल्ल्यांची पेटी त्यांनी आपल्याकडं ओढली. "पाडवा होईपर्यंत घरी ऱ्हावा," म्हणाले. "मग बघू."

अप्पा उठले. डबा घेतला, बाहेर येऊन चपला घातल्या. आम्ही सगळे जागच्या जागी उभे होतो. गजाननसुद्धा. अप्पांनी कुणाकडं बघितलं नाही. सायकल हातात धरून चालत गेले. त्या दिवशी ते तिच्यावर बसले नाहीत.

पाडव्याला आम्ही लवकर गेलो. शोरूमपुढं गुढी उभी होती, झेंडूचे हार, नारळ, पेढ्यांचे खोके. आणि फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, मन्मथअप्पा उभे होते. पांढरे कपडे, नवी विभूती. फाटकाच्या आत त्यांनी पाऊल टाकलं नाही. नटूनथटून एकेक कुटुंब यायचं, आणि ज्यांना सांगायचं राहिलं होतं त्यांना अप्पा हात जोडून थांबवायचे. "आधी टपावरून हात फिरवा. गारांचा मार हाय. मग घ्या न्हाई तर घेऊ नका."

त्यांचे आभार मानणारा मी तरी एकही बघितला नाही. निलंग्याचा एक तरुण डॉक्टर ओरडला, "आता सांगता? नातेवाईक बोलावलेत मी घरी!" एक म्हातारी ओवाळणीचं ताट घेऊन आली होती. ती म्हणाली, "सणाच्या दिवशी कशाला अपशकुन करता, मालक?" अप्पांनी तिच्या पाया पडायला वाकल्यासारखं केलं आणि बाजूला झाले. मग पुढचं कुटुंब आलं. ते पुन्हा पुढं झाले.

ऊन चढलं. वॉचमननं खुर्ची नेऊन ठेवली, ती तशीच राहिली. काचेच्या आत शेठ उभे होते आणि बाहेर बघत होते. गिऱ्हाईक आत येऊन काय काय बोलत होतं त्याकडं त्यांचं लक्ष नव्हतं. शेवटी ते दार उघडून बाहेर पडले. मी हारांची टोपली घेऊन दारातच होते. वाटलं, आता काहीतरी होणार. शेठ फाटकापर्यंत गेले.

"उन्हात उभे राहू नका," म्हणाले. "आत या."

"आत आलो तर गप बसावं लागंल, शेठ."

शेठ तिथंच थांबले. दोघांच्या मधे उघडं फाटक होतं. एक जण ऐलाड, एक पैलाड. मग शेठ वळले आणि परत आत आले. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

त्या दिवशी काही गाड्या गेल्या, पुष्कळ राहिल्या. पाडव्यानंतर थोड्याच दिवसांत शहराला रेल्वेनं पाणी आलं, ते बघायला स्टेशनवर गर्दी झाली. आमच्या शोरूमला कुणी फिरकेना. अप्पा बिऱ्हाड आवरून उदगीरला गेले. दारातला फळा कुणीतरी काढला, कुणी ते मला माहीत नाही. दसऱ्यापर्यंत कसंबसं चाललं, मग शटर ओढलं. गजानन पुण्याला गेला. जाताना म्हणाला, "अप्पांनी दुकान बुडवलं, ताई. एका दिवसात बुडवलं." मी वाद घातला नाही. दुकान दुष्काळानं बुडालं, बँकेनं बुडालं की अप्पांनी, याचा हिशेब मला अजून लागत नाही. त्या गाड्या न सांगता विकल्या असत्या तर गजाननला गाव सोडावं लागलं नसतं, हेही असेल.

पुढं लग्न होऊन मी नांदेडला आले. काही वर्षांनी कळलं की वसंतशेठना अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली. भेटायला जावं की नाही, असं करत राहिले आणि एका सकाळी गेले. शेठच्या पत्नीनं दार उघडलं. "या," म्हणाल्या. "अप्पा बी आलेत."

आतल्या खोलीत खिडकीशी कॉट होती. शेठ उशांना टेकून बसले होते. एक बाजू लुळी, तोंड किंचित वाकडं. समोर स्टुलावर मन्मथअप्पा. खूप वाळले होते, चष्मा जाड झाला होता. शेठच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून ते त्यांच्या गालाला साबणाचा फेस लावत होते. शेठच्या पत्नी हळूच म्हणाल्या, "दर सोमवारी येतात. पहाटेच्या गाडीनं. दुसऱ्या कुणाच्या हातानं हे दाढी करू देत नाहीत."

अप्पांनी मला ओळखलं. "ताई, बसा," म्हणाले. लेकरंबाळं विचारली. मी न राहवून विचारलं, "अप्पा, कधीपासून येताय?"

"आजार ऐकला तवापासून." ते ब्रश वाटीत बुडवत म्हणाले. "बोलनं तर आमचं आधीच बंद होतं. आता निदान बसता तर येतंय."

शेठ माझ्याकडं बघत होते. डोळ्यांत ओळख होती. काही बोलू पाहत होते, पण नुसता घशातला आवाज आला. तो अप्पांना समजला की नाही, कुणास ठाऊक. त्यांनी वस्तरा उचलला, डाव्या हातानं शेठची हनुवटी धरली आणि उजेडाकडं वळवली. इतकी वर्षं मी त्यांच्या तोंडून फक्त 'शेठ' ऐकलं होतं.

"हलू नकोस, वसंता," अप्पा म्हणाले.

आणि शेठ हलले नाहीत. डोळे मिटून, गळा वर करून स्वस्थ बसून राहिले.